पहाटेच्या ओहोटीला कातळावर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शिमग्याला आमचं गाव भरून जातं. चाकरमानी आलेले असतात, पालखी घरोघर फिरत असते, आणि रात्री अंगणात बसलेल्या दोस्तांपैकी कुणीतरी हटकून विषय काढतो, "पहाटे ओहोटीला कातळावर जाऊया काय?" दरवर्षी या टोळीत दोन-तीन जण अगदी नवे असतात. कुणाची बायको अमरावतीची, कुणाचा ऑफिसातला मित्र साताऱ्याचा. समुद्र त्यांनी पाहिलेला असतो तो वाळूच्या पुळणीवरून, भेळ खाताना. फाल्गुन-चैत्रातल्या पहाटे, चंद्र समुद्रावर कलला असताना, पाण्याने नुकत्याच सोडलेल्या कातळावर फिरणं हा त्यांच्यासाठी वेगळाच अनुभव असतो. तो त्यांना सुखरूप मिळावा म्हणून इतक्या वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी दिवस ठरवा

बाकी सगळी तयारी यानंतर. दिवस चुकला तर कातळ उघडाच पडत नाही.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण असतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. उधाण म्हटलं की नव्या माणसाला फक्त किनाऱ्यावर आदळणारी मोठी भरती आठवते. पण उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं, आणि आपल्याला हवा असतो तो हा उतार. मार्चच्या विषुवदिनाच्या आगेमागे येणारी उधाणं तर आणखी मोठी असतात. म्हणजे शिमगा ते चैत्री पौर्णिमा हा काळ आपल्यासाठी अगदी नेमका पडतो.

आमच्याकडची जुनी माणसं अजूनही पंचांगावरून वेळ काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचे पाऊण करायचे: अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकरा, आणि तिथून सहा तास मागे गेलं की सव्वापाचची ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून तिथीवरून दिवस निवडा आणि नेमकी वेळ आपल्या जवळच्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यातून घ्या. तक्ता कुठल्या बंदराचा आहे ते नीट वाचा. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती आणि ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. दक्षिणेला मालवणकडे येईपर्यंत तो जवळपास निम्म्यावर येतो आणि वेळाही बदलतात.

आता निवड. ऐन पौर्णिमेची पहाट मोहात पाडते, पण त्या दिवशी पाणी तळाला जातं तेव्हा आमच्याकडे उजाडायला बराच अवकाश असतो आणि परतीची अर्धी वाटही उजाडण्याआधीच कापावी लागते. नव्या माणसांना घेऊन जायचं तर पौर्णिमेनंतरची प्रतिपदा किंवा द्वितीया धरा. उधाणाचा जोर तोवर टिकलेला असतो, किंबहुना एखाद्या दिवसाने वाढलेलाही असतो. ओहोटीचा तळ सहा-साडेसहाच्या आसपास येतो. जाताना चांदणं, तळाला पोचता पोचता उजाडतं, आणि परतताना लख्ख उजेड. अमावास्येनंतरच्या, म्हणजे पाडव्याच्या दिवसांतही ओहोटी तेवढीच चांगली असते, पण तेव्हा चंद्र नसतो. ती पहाट दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा.

आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इंकॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा. दूर खोल समुद्रातल्या वादळातून निघालेल्या लांब लाटा, आपल्याकडे वारा शांत असतानाही, किनाऱ्यावर येऊन थडकतात. उंच लाटांचा किंवा फुगवट्याचा इशारा असेल तर बेत रद्द. "एवढे लांबून आलेत" हे कारण चालत नाही. वैशाख अर्ध्यावर आला की समुद्राचा रंग बदलतो, तेव्हा आम्ही हे फिरणं पावसाळा संपेपर्यंत बंदच ठेवतो.

जागा, आणि आदल्या संध्याकाळची फेरी

कोकण किनाऱ्यावर कातळाची कमतरता नाही. मालवणच्या रॉक गार्डनचा खडकाळ पट्टा, देवगडजवळ कुणकेश्वराच्या पायथ्याचा कातळ, राजापूरकडचं आंबोळगड. प्रत्येक तालुक्यात अशा चार जागा सापडतील. अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीला चालत जाता येतं, पण ती वाट भरतीला पूर्ण बुडते, आणि परतीची वेळ चुकवून तिथे अडकलेली माणसं हा दरवर्षीचा विषय आहे. पहिल्या खेपेला बेटावर किंवा बेटासारख्या सुळक्यावर नेणारी जागा निवडू नका. ज्या कातळाची मागची कड सलगपणे जमिनीला लागलेली आहे, तोच घ्या.

मग जी गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही ती करा: आदल्या संध्याकाळी त्याच जागी जा. पहाटेच्या ओहोटीआधी साडेबारा तासांनी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला, एक ओहोटी येऊन गेलेली असते. पहाटे जो कातळ काळोखात दिसणार आहे तोच आदल्या दिवशी उन्हात समोर असतो. तासभर फिरा. कुठे शेवाळ आहे, कुठे कातळ तुटून चर पडलेत, कुठून उतरायचं, कुठून चढायचं, हे डोळ्यांत साठवा. किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण, माड, देवळाचा दिवा, विजेचा खांब, परतीची दिशा म्हणून पक्की करा आणि फोटो काढून ठेवा. वाटेत कुणाची वाडी, कुणाचं जाळं, होडी असेल तर विचारून जा. गावात अनोळखी टॉर्च पहाटे चारला हलताना दिसल्या की लोक घाबरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

कोण, किती जण, काय घेऊन

चार ते सहा जण. दोघांनी जाऊ नये, कारण एकाला लागलं तर दुसऱ्याला धरायला आणि मदत आणायला एकाच वेळी जाता येत नाही. दहा जण म्हणजे जत्रा, कोण कुठे आहे ते कळत नाही. एका माणसाकडे फक्त घड्याळ सोपवा. त्याने फोटो काढायचे नाहीत, खेकड्यांमागे धावायचं नाही. आणि तो "फिरा" म्हणाला की बाकीच्यांनी वाद घालायचा नाही, हे घरीच ठरवून निघा.

होळीची रात्र जागवून थेट कातळावर जाणं मी पाहिलंय, केलंयही, आणि ते चुकीचं आहे. झोप नसलेल्या पायाला कातळावरचा तोल कळत नाही. दारू प्यायलेला माणूस तर अजिबात नको, तो कितीही जवळचा असो. म्हणूनही द्वितीया बरी: होळी होऊन दोन दिवस गेलेले असतात.

सामान फार लागत नाही. पायात जुने कॅनव्हासचे किंवा पकड असलेले, पूर्ण झाकणारे बूट. चपला, फ्लोटर्स, अनवाणी पाय, तिन्ही नकोत. कातळावर कालवं (शिंपल्यांचा एक प्रकार) चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. टोळीत मिळून एक जादा बॅटरी आणि सेल. शिट्टी. दहा-पंधरा मीटर दोर. प्लास्टिकच्या बंद पिशवीत एक फोन, घरी सांगितलेली परतीची वेळ, आणि मनात ११२ व १०८ हे दोन नंबर. पाण्याची बाटली, बेटाडिन, पट्टी, स्वच्छ पाण्याने जखम धुवायला आणखी एक बाटली. पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा घाला. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, बऱ्यापैकी गार लागतो. त्याच्यामुळे पाणीही गुळगुळीत असतं. दुपारचा खारा वारा सुटला की तोच समुद्र ओळखू येत नाही.

पाणी पाठसून येता

या लेखातलं एकच कलम वाचायचं तर हे वाचा.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण अशाच एका चैत्राच्या पहाटे गेलो होतो. ओहोटीचा तळ सहा वाजून दहा मिनिटांनी होता. कातळाच्या टोकाशी एका भेगेच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा छोटा ढीग दिसला. असा ढीग दिसला की आत ऑक्टोपस असण्याची शक्यता मोठी, कारण खाल्लेल्या शिंपल्यांची टरफलं तो दारातच टाकतो. आम्ही वाकून बसलो. बराच वेळ काही नाही. मग भेगेतला एक दगड श्वास घेतोय असं वाटलं. तो दगड नव्हताच. करड्याचा तपकिरी झाला, तपकिरीवर पांढरे ठिपके उमटले, एक हात सुटा होऊन बोटभर पुढे आला आणि वाळूचा कण चाचपून मागे गेला. आमच्यापैकी कुणाचाही पाय हलेना.

मी घड्याळ पाहिलं तेव्हा आठ वाजत आले होते. समोर कातळ अजून कोरडाच दिसत होता, लाटा टोकाच्या खालीच फुटत होत्या, म्हणून कुणालाच घाई वाटली नाही. मागे वळलो तर येताना गुडघाभर पाण्यातून ओलांडलेला चर कमरेपर्यंत भरला होता, आणि त्यातून पाणी नुसतं भरत नव्हतं, ओढत होतं. दोर धरून एकेकाला पलीकडे नेलं. एका दोस्ताचा पाय घसरला आणि पोटरीला कालवांनी चार ठिकाणी कापलं. घरी पोचलो, टाके पडले, सगळं निभावलं. पण त्या पंधरा मिनिटांत मी दोनदा हिशेब केला होता की दोर सुटला तर कुणाच्या घरी आधी जावं लागेल.

पलीकडे कालवं फोडायला आलेल्या एक काकी हातातली टोकदार हातोडी टेकवून आमच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मेल्यांनू, पाणी फुडसून येणा नाय, पाठसून येता."

त्यांचं म्हणणं असं समजून घ्या. कातळ सपाट नसतो. त्याची बाहेरची कड पुष्कळदा उंच असते आणि किनाऱ्याच्या बाजूला चर, खोलगट जागा असतात. चढतं पाणी आधी चरांतून आत शिरतं, आपल्या मागे. समोरची उंच कड शेवटी बुडते. जो समोरच्या लाटा बघून परत फिरायचं ठरवतो, त्याची वाट तोवर बंद झालेली असते.

दुसरं, पाणी एका वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती सुमारे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढापैकी बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिल्या तासात फारसं काही घडलं नाही असंच वाटतं. मालवणकडे दोन मीटरांचा चढ धरला तर तिसऱ्या तासात पाणी हातभर वाढतं. अलिबागकडे त्याच्या दुप्पट.

म्हणून नियम: तक्त्यातली ओहोटीची वेळ हीच परत फिरण्याची वेळ. पाणी कुठे आहे ते बघायचं नाही, घड्याळ बघायचं. तळाला पोचायचं असतं ते ओहोटीच्या आधी. घड्याळवाल्याच्या फोनवर त्या वेळेचा गजर लावा आणि त्याआधी पंधरा मिनिटांचा आणखी एक.

पहाट अशी काढा

समजा द्वितीयेला ओहोटी साडेसहाला आहे. सव्वाचारला उठा, कोरा चहा आणि दोन बिस्किटं, भरपेट काही नको. पाच वाजता किनाऱ्यावर. उतरण्याआधी बॅटऱ्या विझवून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसा आणि लाटा बघा. लाटा टोळ्यांनी येतात. पाच-सहा छोट्या, मग दोन-तीन मोठ्या. मोठ्या कुठवर चढतात ते पाहिल्याशिवाय पाय टाकायचा नाही. तेवढ्यात डोळेही काळोखाला सरावतात.

सव्वापाचला उतरा आणि पाणी मागे हटेल तसतसे त्याच्या मागे जा. एका रांगेत, एकमेकांत हातभर नव्हे, चांगलं दोन-तीन पावलांचं अंतर. पाय आपटू नका, सरळ टेकवा, भार टाकण्याआधी दाबून बघा. काळा चकाकणारा आणि हिरवा मऊ, दोन्ही कातळ घसरतात. खडबडीत, कालवांच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय उत्तम धरतो, फक्त हात टेकवू नका. वाळूत पाणी साचलेलं असेल तर पाय न उचलता घासत चला, कारण पाकट (चपटा मासा) वाळूखाली पडून असतं आणि अंगावर पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतं. समुद्राकडे पाठ करून वाकायचं नाही. टोळीतला एक जण कायम समुद्राकडे तोंड करून उभा.

चंद्र पश्चिमेला, म्हणजे तुमच्या समोर असतो. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग चांदीसारखा चमकतो आणि खाली किती खोल आहे ते कळत नाही. डबक्यात पाय घालण्याआधी बॅटरी टाकून बघा. काही रात्री, विशेषतः हिवाळा सरताना, बॅटरी विझवून डबक्यात बोट फिरवलं की निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले की उजळतात. साताऱ्याच्या त्या मित्राने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो बराच वेळ एकच बोट फिरवत बसला होता.

वरच्या कोरड्या कातळावर इवल्या गोगलगाई, त्याखाली कालवं, मग शेवाळ, आणि अगदी खालच्या, उधाणालाच उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात समुद्रफुलं, समुद्रकाकड्या, शंखात राहणारे खेकडे, नशीब असेल तर रंगीत समुद्री गोगलगाय. मालवणला प्रवाळही. तुम्ही जसे खाली जाता तशी वस्ती बदलत जाते, हे लक्षात ठेवून बघा, म्हणजे नुसती पळापळ होत नाही. एका डबक्याजवळ दहा मिनिटं स्थिर बसलात तर वीस डबकी धावत पाहण्यापेक्षा जास्त दिसतं. दगड उलटला तर हळूच, आणि जसा होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारं सगळं उन्हात मरतं.

हात लावू नका. सुंदर नक्षीचा, शंकूसारखा शंख तर अजिबात उचलू नका, त्यातला जीव विषारी काटा मारतो. प्रवाळ, स्पंज, समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, काही शंखांनाही. मेलेलं प्रवाळ खिशात घालणंही गुन्हा ठरतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि वेळाससारख्या कासवांच्या पुळणीवरून जायचं असेल तर पांढरी बॅटरी बंद ठेवा, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात.

साडेसहाला गजर. वळा. येताना वापरलेल्याच वाटेने, उजेडात.

लागलं तर

कालवांचं कापलं तर जखम गोड्या पाण्याने भरपूर धुवा, बेटाडिन, पट्टी, आणि खोल असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आधीच माहीत असू द्या. पाकटाचा किंवा शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवला की वेदना उतरतात, पण दवाखाना टळत नाही. शंखाने टोचलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, हालचाल कमीत कमी ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात. आणि वाट बंद झालीच असेल, चरातलं पाणी ओढत असेल, तर उडी मारू नका. सगळ्यात उंच, सुक्या, भरतीच्या खुणेच्या वरच्या कातळावर चढा, शिट्टी वाजवा, ११२ लावा. असा उंच कातळ आहे की नाही हे आदल्या संध्याकाळीच बघून ठेवायचं असतं.

परत आल्यावर

सात-सव्वासातला पुळणीवर याल तेव्हा कदाचित रापण ओढायला सुरुवात झालेली असेल. दोराला हात लावायला कुणी नाही म्हणत नाही, फक्त दोर ओलांडू नका आणि जाळ्यात पाय अडकवू नका. माणसं मोजा. बूट गोड्या पाण्याने धुवा, पायांवरचे बारीक ओरखडे आत्ताच बघा, संध्याकाळी ते लाल होतात. मग कुणाच्या तरी घरी घावणे आणि चण्याची उसळ.

खाता खाता वहीत लिहून ठेवा: तिथी, तक्त्यातली वेळ, पाणी प्रत्यक्षात कधी फिरलं, परतताना चरात किती होतं. माझ्या वहीत आमच्या कातळाचा तळ तक्त्यापेक्षा बहुतेक वेळा दहा-बारा मिनिटं उशिरा येतो असं दिसतं. तरीही गजर मी तक्त्याच्याच वेळेचा लावतो.